१२१ पराभव आणि एक लपवलेला निकाल



दर वर्षी आपण मुलांना 'माझा आवडता खेळ' किंवा 'माझा आवडता संघ' असा निबंध लिहायला देतो. मुलं काय लिहिणार हे आपल्याला आधीच पाठ असतं. षटकार, चषक, जल्लोष आणि शेवटी ठरलेलं वाक्य : 'खेळात हार-जीत महत्त्वाची नसते.' मीसुद्धा शाळेत हेच वाक्य लिहून गुण मिळवले आहेत.

आज मी स्वतःच हा निबंध लिहायला बसले आहे. माझा आवडता संघ आहे शिकागोचा व्हाइट सॉक्स. खेळ बेसबॉल. या संघाने २०२४ च्या हंगामात १२१ सामने गमावले. अमेरिकेच्या मोठ्या लीगमध्ये १९०० नंतर एका हंगामात इतके सामने कुठलाच संघ हरला नव्हता. त्यामुळे 'हार-जीत महत्त्वाची नसते' हे वाक्य आता मला इतक्या सहज लिहिता येत नाही. का, ते सांगते.

हा संघ माझा कसा झाला

मी मूळची सांगलीची. लग्न होऊन २००५ च्या ऑगस्टमध्ये शिकागोला आले. आमचं पहिलं भाड्याचं घर शहराच्या दक्षिण भागात ब्रिजपोर्टला होतं. व्हाइट सॉक्सचं मैदान तिथून चालत जाण्याइतकं जवळ. संध्याकाळी कुणी होमरन मारला की मैदानावर आतषबाजी व्हायची आणि आमच्या स्वयंपाकघराची खिडकी थरथरायची. पहिल्यांदा मला वाटलं, कुणाची तरी वरात आहे.

खालच्या मजल्यावर अठ्ठ्याहत्तर वर्षांचे एक आजोबा एकटेच राहायचे. जिन्यात बसून रेडिओवर सामना ऐकायचे. मला बेसबॉल त्यांनी शिकवला. क्रिकेट माहीत असणाऱ्याला हा खेळ फार परका वाटत नाही. टाकणारा पिचर, मारणारा बॅटर. तीन जण बाद झाले की डाव संपला, दुसऱ्या संघाची पाळी. असे नऊ डाव. फरक म्हणजे सामने रोजच्या रोज. मार्चअखेरपासून सप्टेंबरअखेरपर्यंत प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो. त्यामुळे चांगल्यातला चांगला संघही साठेक वेळा हरतोच. दहापैकी तीनदा यशस्वी होणारा बॅटर उत्तम समजला जातो. सात वेळा चुकूनसुद्धा!

आजोबांनी मला स्कोअर लिहायलाही शिकवलं. वहीत प्रत्येक बॅटरसाठी प्रत्येक डावाचा एक छोटा चौकोन असतो. मी सुरुवातीला फक्त धावा लिहायचे आणि बाद झालेल्यांचे चौकोन रिकामे सोडायचे. आजोबा म्हणाले, "चौकोन रिकामा ठेवायचा नाही. बाद झाला, तर कसा बाद झाला ते लिही. नाहीतर उद्या तुलाच कळणार नाही सामना कसा झाला."

त्याच ऑक्टोबरमध्ये संघ जिंकला. १९१७ नंतर पहिल्यांदा, म्हणजे ८८ वर्षांनी. ह्यूस्टनविरुद्धचा शेवटचा सामना १-० असा सुटला. १९५९ साली संघ अंतिम मालिकेत हरला होता, तो आजोबांनी पाहिलेला. या वेळी शेवटचा बॅटर बाद झाला तेव्हा ते जिन्यात बसून लहान मुलासारखे रडले. मी तिथे नवीन होते. मला वाटलं, इथे दर वर्षी असंच होतं!

त्यानंतर आजवर तो चषक परत आलेला नाही. आजोबाही काही वर्षांनी गेले. आम्ही उपनगरात राहायला आलो, लेक झाली, रविवारच्या मराठी शाळेत मी शिकवू लागले. संघ मात्र सुटला नाही. लेकीला मी मराठी बाराखडी शिकवली तशी स्कोअरची वहीही शिकवली.

हंगाम

२०२४ चा पहिला सामना २८ मार्चला घरच्या मैदानावर झाला. आमचा तरुण पिचर गॅरेट क्रोशे याने सहा डावांत एकच धाव दिली. आठ जणांना त्रिफळाचीत म्हणावं तसं तीन-तीन स्ट्राइकवर घरी पाठवलं. आणि संघ हरला ०-१ असा. कारण आमच्याकडून एकही धाव निघाली नाही. लेक म्हणाली, "आई, त्याने तर सगळं बरोबर केलं ना?" मी म्हटलं, "हो गं, कधीकधी होतं असं."

पण 'कधीकधी' हा शब्द लवकरच कमी पडू लागला. पहिल्या पंचवीस सामन्यांत बावीस पराभव. मेच्या शेवटी सुरू होऊन जूनच्या सुरुवातीपर्यंत सलग १४ पराभव. आणि मग १० जुलैपासून ५ ऑगस्टपर्यंत सलग २१! जवळजवळ चार आठवडे रोज हार. संघाने त्या वर्षी साऱ्या लीगमध्ये सगळ्यांत कमी धावा केल्या. कधी आघाडी मिळालीच तर शेवटच्या डावांत हातची जायची.

या काळात मी कशी वागले ते प्रामाणिकपणे सांगते. एप्रिलमध्ये मी आशावादी होते. मेमध्ये विनोद करत होते. जूनमध्ये टीव्हीवर ओरडू लागले. एका सामन्यात एका नवख्या खेळाडूने सोपा चेंडू सोडला. मी म्हणाले, "याला कशाला घेतलंय? काही उपयोगाचा नाही!" लेकीने शांतपणे फोनवर त्याचं वय शोधलं. "आई, तो बावीस वर्षांचा आहे. आपल्या निखिलदादापेक्षा लहान." मी गप्प बसले. आमचा निखिल तेव्हा नोकरी शोधत होता, आणि त्याच्याबद्दल कुणी असं बोललेलं मला मुळीच खपलं नसतं.

जुलैमध्ये मी सामने बघणंच बंद केलं. लेकीने नाही केलं. ती रोज वही भरत राहिली. बेसबॉलच्या फलकावर प्रत्येक संघासमोर शेवटी तीन आकडे असतात : धावा, हिट आणि एरर. एरर म्हणजे क्षेत्ररक्षणातली चूक. किती चुका झाल्या ते हजारो लोकांसमोर, धावांच्याच ओळीत लिहिलेलं असतं. आणि दुसऱ्या दिवशी तोच फलक पुन्हा शून्यापासून सुरू होतो. आपल्या प्रगतिपुस्तकात अशी सोय नसते.

६ ऑगस्टला ओकलंडमध्ये संघ एकदाचा जिंकला, ५-१. शाळेला सुट्टी होती म्हणून आम्ही उशिरापर्यंत जागलो. एक साधा सामना जिंकल्यावर खेळाडू चषक मिळाल्यासारखे एकमेकांना मिठ्या मारत होते. दोनच दिवसांनी व्यवस्थापकाला काढून टाकलं.

त्या आठवड्यात व्हिडिओ कॉलवर लेकीने ही सगळी हकिगत सांगलीच्या आजोबांना सांगितली. माझे बाबा पक्के क्रिकेटवाले. ते म्हणाले, "अगं, आम्ही यापेक्षा वाईट पाहिलंय. १९७१ साली वाडेकरांचा संघ वेस्ट इंडीज आणि इंग्लंड जिंकून आला तेव्हा मुंबईत केवढी मिरवणूक निघाली होती! आणि १९७४ ला इंग्लंडमध्ये तिन्ही कसोट्या हरलो, लॉर्ड्सवर सगळा संघ ४२ धावांत गारद झाला, तेव्हा त्याच वाडेकरांच्या घरावर लोकांनी दगड मारले."

"दगड मारून काय झालं?" लेकीने विचारलं.

"काय होणार? काचा फुटल्या."

निकाल

आता या लेखातला अवघड भाग.

त्याच एप्रिलमध्ये लेकीने तिच्या शाळेत एक परीक्षा दिली होती. ती पास झाली असती तर सातवीत तिला वरच्या तुकडीचं गणित मिळालं असतं. आमच्या ओळखीतली बहुतेक मराठी मुलं त्या तुकडीत असतात. मेमध्ये निकाल आला. तिची निवड झाली नाही.

मी तिला रागावले नाही. "काही हरकत नाही, पुढच्या वेळी बघू" असंच म्हणाले. तुम्हीही असंच म्हणाला असता. पण त्या रविवारी सांगलीहून आईचा फोन आला. "काय गं, झाली का परीक्षा?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "नाही गं आई, ती बसलीच नाही. या वर्षी जरा व्हायोलिनकडे लक्ष देऊ म्हटलं."

लेक समोरच टेबलावर पोळी-भाजी खात होती. तिने मान वर करून पाहिलं आणि परत खाली घातली. मराठी शाळेतल्या इतर पालकांनाही मी तेच सांगितलं. दोन-तीन वेळा सांगितल्यावर मला ते खरंच वाटू लागलं.

सप्टेंबर

२२ सप्टेंबरला संघाचा १२०वा पराभव झाला. १९६२ साली न्यूयॉर्क मेट्स या संघाने १२० सामने गमावले होते, त्याची बरोबरी झाली. पण मेट्सचं ते पहिलंच वर्ष होतं. आमचा संघ शंभर वर्षांहून जुना!

मंगळवारी २४ तारखेला घरच्या मैदानावर सामना होता. हरले तर विक्रम. मी लेकीला म्हटलं, "जायचं का?" शाळेचा दिवस असूनही ती लगेच तयार झाली. मी कपाटातला जुना काळा टी-शर्ट घातला, २००५ सालचा. वाटेत किराणा दुकानात थांबलो. तिथला माणूस टी-शर्टकडे बघून हसला. "अजून घालता?" मी ऐटीत म्हटलं, "माझाच संघ आहे."

मैदानावर गंमतच होती. काही जण चक्क इतिहास बघायला आले होते, म्हणजे हरताना बघायला. अधूनमधून 'संघ विका' अशा घोषणा मालकाला उद्देशून चालल्या होत्या. आठव्या डावापर्यंत आम्ही ०-२ असे मागे. मग अचानक तीन धावा निघाल्या आणि संघ ३-२ असा जिंकला. हरलेला हंगाम, काही उपयोग नसलेला विजय, तरी लोक उभे राहून ओरडत होते. मीही ओरडले. लेक खाली मान घालून वही भरत होती.

परतताना गाडीत ती म्हणाली, "आई, एक विचारू?"

"विचार की."

"एकशे वीस वेळा हरलेल्या संघाचा टी-शर्ट घालून तू दुकानात जातेस. सगळ्यांना सांगतेस, माझा संघ. मग मी एकदाच हरले, तर आजीला का नाही सांगितलंस?"

मी काहीच बोलले नाही. खरं तर उत्तर तयार होतं. आजीला वाईट वाटलं असतं, तुलाच लोकांनी चार प्रश्न विचारले असते, वगैरे. पण ते उत्तर तिच्यासाठी नव्हतं, माझ्यासाठी होतं. हे मला गाडी चालवताना, सिग्नलला थांबल्यावर कळलं. वीस वर्षं मुलांना शिकवते आहे. 'अपयश ही यशाची पहिली पायरी' हे वाक्य फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल! आणि माझ्याच घरातला एक चौकोन मी रिकामा सोडला होता.

घरी आल्यावर मी तिला एवढंच म्हटलं, "चुकलं माझं. शनिवारी आजीला आपण दोघी मिळून सांगू."

संघाने बुधवार-गुरुवारचे सामनेही जिंकले. शुक्रवारी, २७ सप्टेंबरला, डेट्रॉइटमध्ये मात्र १२१वा पराभव झालाच. गंमत बघा, त्याच विजयाने डेट्रॉइटला दहा वर्षांनी बाद फेरीत जागा मिळाली. एकाच मैदानावर एका बाजूला आनंदाच्या उड्या आणि दुसऱ्या बाजूला आमची मुलं सामान गोळा करत होती. टीव्हीवर ते बघताना लेकीने वहीत शेवटचा चौकोन भरला, खाली तारीख घातली आणि वही मिटली. "उद्या परत सामना आहे," म्हणाली आणि झोपायला गेली.

शनिवारी सकाळी सांगलीला फोन केला. लेकीने स्वतःच सांगितलं, "आजी, मी एप्रिलमध्ये गणिताची परीक्षा दिली होती. निवड झाली नाही."

आई क्षणभर थांबली. मग म्हणाली, "बरं. मग आता काय अडतं तुला? अपूर्णांक का?" आणि दोघी अपूर्णांकांवर बोलू लागल्या! शेवटी आईने फोन माझ्याकडे मागितला आणि हळूच म्हणाली, "तुला सातवीत स्कॉलरशिप मिळाली नव्हती, आठवतं? मी सगळ्या वाड्यात सांगितलं होतं, पोरीला ताप होता म्हणून. तुला कुठला ताप? ठणठणीत होतीस."

मला खरंच आठवत होतं की त्या वर्षी मी तापाने आजारी होते. पस्तीस वर्षं मी तेच समजत होते.

वर्गात

दुसऱ्या दिवशी, रविवारी, मराठी शाळेत निबंध घेतला : 'माझा आवडता संघ'. एका मुलाने लिहिलं, 'व्हाइट सॉक्स हा हरणारा संघ आहे.' शुद्धलेखन बरोबर, व्याकरण बरोबर. तरी मी ते वाक्य फळ्यावर लिहिलं आणि त्याच्याखाली दुसरं लिहिलं, 'व्हाइट सॉक्स १२१ सामने हरला.' मुलांना विचारलं, दोन्हींत फरक काय?

दहा-अकरा वर्षांची मुलं. थोडा वेळ गेला. मग एक मुलगी म्हणाली, "बाई, दुसऱ्यात ते झालंय. पहिल्यात ते तसेच आहेत."

अगदी बरोबर. 'हरला' हे क्रियापद आहे, भूतकाळातलं. ते घडलं आणि संपलं. 'हरणारा' हे विशेषण झालं की ते नावाला चिकटतं. आपण हे रोज करतो. 'या चाचणीत नापास झाला' म्हणायचं सोडून 'नापास मुलगा' म्हणतो. 'हे गणित त्याला आलं नाही' याचं 'गणितात कच्चा आहे' कधी होतं ते कळतच नाही. आणि आपल्याकडे तर त्यासाठी एकाच अक्षराचा शब्द आहे : ढ. एका अक्षरात मुलाचं सगळं भवितव्य!

उलट बाजूही सांगायला हवी. पराभव झालाच नाही असं दाखवणं म्हणजे माया नव्हे. मी फोनवर केलं ते तसंच होतं. 'परीक्षेला बसलीच नाही' असं म्हटल्यावर कुठे अडलं हे कुणी विचारणारच नाही. आईने अपूर्णांकांचं विचारलं ते खरं कळल्यावरच. संघाचंही तसंच आहे. मैदानावर घोषणा देणारे लोक खेळाडूंचे शत्रू नव्हते. आधीच्या वर्षीही १०१ सामने गमावले, मग सुधारणा का झाली नाही, हे ते मालकाला विचारत होते. वर्गातली निम्मी मुलं एकाच प्रश्नात चुकली तर आपणही स्वतःला विचारायला हवं, शिकवताना कुठे राहिलं?

क्रोशेचं उदाहरणही मुलांना सांगितलं. त्याच्या नावावर त्या वर्षी सहा विजय आणि बारा पराभव लागले. पण त्याच हंगामात त्याने २०९ बॅटर स्ट्राइकवर बाद केले आणि त्याची ऑल-स्टार सामन्यासाठी निवड झाली. नुसते विजय-पराभव बघितले असते तर त्याला काय येतं हे कुणालाच कळलं नसतं.

तुमच्या वर्गात किंवा घरी दोन गोष्टी करून बघा.

पहिली : मुलांना 'माझा एक पराभव' यावर दहा ओळी लिहायला सांगा. एकच अट. काय झालं, कुठे चुकलं, आता काय करणार, एवढंच लिहायचं. स्वतःसाठी एकही विशेषण वापरायचं नाही. आधी तुमचा स्वतःचा एक पराभव वाचून दाखवा. मी वरच्या तापाची गोष्ट वाचून दाखवली. मुलं पोट धरून हसली आणि मग सगळ्यांनी भराभर लिहिलं.

दुसरी, पालकांसाठी : पुढच्या वेळी नातेवाइकांनी निकाल विचारला आणि तो मनासारखा नसला, तर उत्तर देण्याआधी टेबलावर समोर कोण बसलंय ते बघा.

त्याच रविवारी दुपारी व्हाइट सॉक्सचा हंगाम संपला. शेवटचे दोन्ही सामने ते जिंकले. एकूण ४१ विजय, १२१ पराभव. लेकीने वहीच्या मुखपृष्ठावर ते दोन्ही आकडे सारख्याच मोठ्या अक्षरांत लिहिले आणि वही कपाटात ठेवली, आजोबांच्या जुन्या वहीशेजारी. गणिताची ती परीक्षा तिने पुढच्या वसंतात परत दिली. तिचा निकाल काय लागला ते मी इथे सांगणार नाही, कारण या वेळी तो कुणाला सांगायचा हे तिने स्वतः ठरवलं आहे. सांगलीला मात्र तिने त्याच दिवशी फोन केला होता.